किल्ली माझी, कोड त्यांचा

मागच्या डिसेंबरात दिवेआगरच्या समुद्राने माझ्या गाडीची किल्ली गिळली. बर्म्युडाच्या खिशाला जी चेन असते ती लावण्यासाठी असते, हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळलं. (हे वाक्य इथे लिहायलाच हवं असं बायकोने बजावलं होतं. लिहिलं.)

गाडी सुरूच्या झाडांखाली, कुलूपबंद. आत मुलीचा डबा, सगळ्यांचे कपडे आणि थंड पिशवीत आईचं इन्सुलिन. दुपारचा दीड वाजलेला, आईची जेवणाची वेळ. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकांनी बोर्लीहून एका माणसाला बोलावलं. तो मोटारसायकलवर आला, दाराच्या रबरात लाकडाची पाचर ठोकली, आतून एक पट्टी सरकवली आणि पाच मिनिटांत दार उघडलं. अलार्म कोकलला. पंधरा-वीस माणसं जमली. दीडशे रुपये घेऊन तो म्हणाला, "दार उघडलं, पण सुरू नाय व्हायची ही. चिपवाली हाय."

आईला इंजेक्शन मिळालं, पण गाडी तिथेच. मग मेहुणा कोथरूडहून दुसरी किल्ली घेऊन ताम्हिणी उतरून रात्री साडेनऊला हजर झाला. तो हे अजून दर महिन्याला एकदा तरी काढतो, आणि हक्कच आहे त्याचा.

असो. इथवरची चूक शंभर टक्के माझी. पण मंडळी, ह्यापुढे जे झालं ते माझ्या चुकीत बसत नाही.

सोमवारी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. गाडी नऊ वर्षांची, साधी हॅचबॅक, बटण-स्टार्ट वगैरे काही नाही. म्हटलं, एक जादा किल्ली हवी. काउंटरवरच्या मुलाने हसतमुखाने कागद पुढे केला. एक किल्ली हरवलेली असल्याने 'सुरक्षेच्या दृष्टीने' पूर्ण लॉकसेट बदलावा: चारही दारं, डिकी, इग्निशन. एकोणीस हजार सहाशे, मजुरी आणि जीएसटी वेगळा. म्हटलं, नुसती किल्ली? ती मिळेल, पण नऊ हजार आठशे, प्रोग्रॅमिंगचे पंधराशे, शिवाय पोलिसांत हरवल्याची नोंद, आरसी बुक, आधार आणि पूर्ण रक्कम आगाऊ. किल्ली प्लँटमधून यायला तीन आठवडे, आल्यावर गाडी दोन दिवस त्यांच्याकडे. मी विचारलं, किल्लीचा कोड तेवढा द्याल का, मी बघतो बाहेर. त्याचं हसू मावळलं. "सर, तो कस्टमरला देता येत नाही. सिक्युरिटी."

दोन पातळ पाती, थोडं प्लॅस्टिक आणि तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी चिप. अकरा हजार तीनशे!

आता ही चिप काय करते ते सांगतो, कारण ह्या सगळ्या व्यवहारात आपलं अज्ञान हाच समोरच्याचा नफा आहे. किल्लीच्या डोक्यात दोन वेगवेगळी यंत्रं असतात आणि बहुतेक लोक ती एकच समजतात. एक म्हणजे बटणांचं रिमोट. ते दार उघडतं, त्याला बॅटरी लागते. दुसरी ही चिप, ट्रान्सपाँडर. तिला बॅटरीच नसते. इग्निशनच्या भोवती तारेचं वेटोळं असतं, किल्ली फिरवली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झचं क्षेत्र तयार करतं, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती जागी होते. मग गाडी तिला एक आकडा देते, चिप आपल्या गुप्त किल्लीने त्याचं उत्तर काढते, उत्तर जुळलं तर इंजिनाला इंधन मिळतं. चॅलेंज-रिस्पॉन्स, आपण ऑफिसात रोज वापरतो तेच. रिमोटची बॅटरी मेली तरी किल्ली फिरवून गाडी सुरू होते ती ह्यामुळे.

म्हणजे नवी किल्ली बनवणं ही दोन कामं आहेत. पातं कापणं, आणि नव्या चिपची ओळख गाडीच्या यादीत घालणं. पहिलं काम यंत्राचं. दुसऱ्यासाठी यादीत लिहिण्याची परवानगी लागते, आणि बऱ्याच गाड्यांत ती परवानगी एका पिन कोडच्या मागे असते. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर मी पैसे मोजून घेतलेल्या मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड दुकानदाराने स्वतःकडे ठेवला आहे, आणि नवा युजर टाकायचा तर तो मला अकरा हजारांचं बिल देतो. उद्या तुमच्या लॅपटॉपच्या बाबतीत कोणी असं केलं तर तुम्ही किती वेळ गप्प बसाल?

शनिवारी मी चावीवाल्याकडे गेलो. (पुण्यात वस्तू किल्ली असते, पण बनवणारा मात्र चावीवालाच. भाषाशास्त्रज्ञांनी लक्ष घालावं.) रस्त्याच्या कडेला चार फुटांची टपरी. एका बाजूला कानशी, लटकवलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या, वडिलांच्या वेळची हाताने फिरवायची कॉपी मशीन; दुसऱ्या बाजूला संगणकावर चालणारं कटिंग मशीन आणि टॅबलेटसारखं एक यंत्र. आधीच्या गाड्यांच्या किल्लीला कडेला दाते असायचे, ते कानशीने निघत. माझ्या किल्लीला पात्याच्या मधोमध नागमोडी खाच आहे, ती कानशीने होत नाही. त्या मशीनसाठी त्याने कर्ज काढलंय, त्याचे हप्ते चालू आहेत हेही त्याने काम करता करता सांगितलं.

आधी त्याने माझं आरसी बुक आणि लायसन्स बघितलं, गाडीचा नंबर आणि माझा फोन एका वहीत लिहिला, माझी सही घेतली. मग पातं कापलं. मग स्टिअरिंगखालच्या डायग्नॉस्टिक सॉकेटला ते यंत्र जोडलं. मी उत्सुकतेने विचारलं, "पिन कोड लागेल ना?"

"तो गाडीतूनच काढतो, दादा."

आणि काढला! स्क्रीनवर कोड आला. जो कोड गाडीच्या मालकाला सांगणं सुरक्षेच्या दृष्टीने अशक्य होतं तो फुटपाथवरच्या टॅबलेटला दोन-तीन मिनिटांत कळला. मग तो म्हणाला, "हरवलेली चावी लिस्टमधून काढून टाकू ना? कोणाला सापडली तरी गाडी चालू नाही होणार. दार उघडेल तेवढं." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. सर्व्हिस सेंटरच्या हसतमुख मुलाने मला एकोणीस हजारांची कुलपं विकताना हा एक वाक्याचा उपाय सांगितला नव्हता.

एकूण वेळ पन्नास मिनिटं, त्यात एक चहा. साडेतीन हजार रुपये. किल्लीवर कंपनीचं बोधचिन्ह नाही, त्याविना माझं अडलेलं नाही.

हिंजवडीत माझा एक मित्र आहे, गाड्यांचं एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहितो. त्याला हे सांगितल्यावर तो उसळला. म्हणे, तुला काय, चिप काढून टाकायला हवी? मग जा १९९० सालात, दोन वायरी जोडून गाड्या पळवायचे तिथे. त्याचं अर्धं बरोबर आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. इमोबिलायझर ही उत्तम गोष्ट आहे. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली आणि चोऱ्या खरंच कमी झाल्या. उलटा पुरावा हवा तर अमेरिकेत बघा. तिथे दोन कोरियन कंपन्यांनी स्वस्त मॉडेलांत वर्षानुवर्षं ती बसवली नाही, आणि २०२१-२२ च्या सुमारास पोरंसोरं यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवून गाड्या पळवू लागली, वर त्याचे व्हिडिओ टाकू लागली. तेव्हा चिप पाहिजेच. माझं भांडण चिपशी नाहीच.

माझं भांडण आहे 'कोड लपवला म्हणून गाडी सुरक्षित' ह्या थापेशी. ऑगस्ट केर्कहोफ्स नावाच्या गृहस्थांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी असावी, गुपित फक्त किल्लीत असावं. आणि किल्ली कोणाकडे असावी? घराच्या मालकाकडे. मोटार उद्योगाने दोन्ही उलटं केलं. रचना लपवली, आणि गुपित मालकापासूनही लपवलं. त्याचं काय झालं तेही रेकॉर्डवर आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लाखो किल्ल्यांमध्ये असलेली चिप २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी फोडली, तिची गुप्त किल्ली फक्त ४० बिटांची निघाली. मेगामॉस नावाची दुसरी चिप २०१२ मध्ये फुटली. तेव्हा फोक्सवॅगन लंडनच्या कोर्टात गेली, २०१३ मध्ये शोधनिबंध छापायला मनाई मिळवली, आणि अखेर २०१५ मध्ये तो एक वाक्य वगळून प्रसिद्ध झाला. दोन वर्षं कोणापासून काय लपलं? चोर शोधनिबंधाची वाट बघत बसत नाहीत. त्यांच्याकडे टपरीवरच्यासारखीच यंत्रं असतात, आणि बिनकिल्लीच्या गाड्यांसाठी तर घरात टेबलावर पडलेल्या किल्लीचा सिग्नल दारापर्यंत ओढून नेणारी यंत्रंही असतात. ह्या सगळ्या साखळीत कोड ज्याला मिळत नाही असा माणूस एकच, ज्याच्या नावावर आरसी आहे तो.

मित्र म्हणाला, बाहेर किल्ली केलीस, आता वॉरंटी विसर. माझी गाडी नऊ वर्षांची, वॉरंटी केव्हाच वारली. पण नव्या गाडीवाल्यांना ही धमकी सर्रास दिली जाते म्हणून सांगतो. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. आरोप काय, तर सुटे भाग आणि डायग्नॉस्टिक साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं. आदेशात स्पष्ट आहे की भाग आणि साधनं बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना मिळायला हवीत, आणि बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालता येणार नाही. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाचं पुढे कोर्टकचेऱ्यांत बरंच काही झालं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टलही काढलं, त्यात वाहनं आहेत. आणि मला काउंटरवर ऐकायला मिळालं काय, तर "कस्टमरला देता येत नाही".

बरं, हे अशक्य आहे म्हणावं तर तसंही नाही. अमेरिकेत फोर्डच्या बऱ्याच गाड्यांच्या मालक-पुस्तिकेत चक्क रीत छापलेली असे: चालू असलेल्या दोन किल्ल्या एकामागून एक ठराविक सेकंदांत फिरवा, मग तिसरी कोरी फिरवा, झाली तिची नोंद. घरच्या घरी, फुकट. दोन किल्ल्या ज्याच्या हातात तो मालक, हा साधा हिशेब. आणि किल्लीच हरवलेल्यांसाठी तिकडे कुलूपवाल्यांची पडताळणी करून नोंदणी करतात, मग नोंदणीकृत माणसाला कंपनीकडून कोड मिळतो, कोणी कोणत्या गाडीसाठी घेतला त्याची नोंद राहते. माझ्या चावीवाल्याची वही हेच काम करते की! त्या वहीला अधिकृत दर्जा द्या, तिच्यासमोर कंपनीला कोड द्यायला लावा. आज त्याने कर्ज काढून घेतलेलं यंत्र प्रत्येक नव्या मॉडेलला मागे पडतं आणि त्याला पुन्हा पैसे भरून अपडेट घ्यावं लागतं. सगळीकडे सॉफ्टवेअर येतंय, बाजूच्या टपरीवाल्याने हे काम सोडलं, असं तो सांगत होता. जो माणूस रात्री अकरा वाजता फोन केला तर स्कूटरवर येतो त्याला आपण चोर ठरवायचं, आणि तीन आठवडे थांबायला लावणाऱ्याला सुरक्षा म्हणायचं.

तुमच्यातले निम्मे येत्या दसऱ्या-पाडव्याला पहिली गाडी घेणार आहात. डिलिव्हरीच्या दिवशी नारळ, पेढे, फोटो सगळं करा, पण आधी दोन्ही किल्ल्या मोजून घ्या. किल्ल्यांच्या जुडग्याला किल्लीचा नंबर कोरलेला छोटा पत्रा असेल तर त्याचा फोटो काढून पत्रा घरी कपाटात ठेवा, डॅशबोर्डच्या कप्प्यात नको. इमोबिलायझरचा पिन लेखी मागा. नाही म्हणतील. मग 'नाही' हेच लेखी मागा, ईमेलवर. दोनशे जणांनी मागितलं की कोणाच्या तरी वरच्या साहेबाला उत्तर लिहावं लागेल. आणि एक किल्ली हरवली तर दुसरी हातात असेपर्यंत लगेच तिसरी करून घ्या, कारण दोन्ही गेल्यावर भाव दुप्पट होतो आणि टोइंग वेगळं. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, तेव्हा हरवलेल्या किल्लीची पोलिसांतली नोंदही जपून ठेवा. ती मी केली, त्यात 'हरवल्याचे ठिकाण : अरबी समुद्र' असं आहे.

मागच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. एक ते दहात आम्हाला किती गुण द्याल? मी म्हटलं, आधी पिन सांगा, मग गुण सांगतो. पलीकडून मुलगी म्हणाली, "सर, दोन मिनिटं होल्ड करा," आणि गाणं लावलं. सहा मिनिटं ऐकलं. मग मीच ठेवला. तिसरी किल्ली आता मेहुण्याकडे असते.