परागीभवनाची सुरुवात गोठ्यामागे

कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटसाठी आपण सल्लागार मंडळी दोन गोष्टी हमखास सांगतो: मधमाश्यांच्या पेट्या ठेवा आणि फुलोऱ्यात फवारणी टाळा. सल्ला योग्य आहे, पण अपुरा. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि स्त्रीकेसर नंतर पक्व होतो, त्यामुळे पराग वाहून नेणारा कीटक लागतोच. त्यात कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असल्याने जवळ दुसरा फुलोरा असला की मधमाशी तिकडे वळते. अशा वेळी गोंड्यांवर ठिपकेदार किंवा पट्टेरी डोळ्यांच्या, दोनच पंखांच्या आणि नांगी नसलेल्या ज्या माश्या फिरताना दिसतात, त्यांत एरिस्टॅलिनस प्रजातीच्या जाती असतात. आपण त्यांना सरसकट ‘सिरफिड’ म्हणून मावा खाणाऱ्या मित्रकीटकांत मोजतो आणि तिथेच घोळ होतो. सिरफिडांपैकी इस्किओडॉनची अळी पानावर मावा खाते. एरिस्टॅलिनसची अळी मात्र शेणाच्या राड्यात, गोठ्याच्या नालीत, कुजक्या पाण्यात सूक्ष्मजीवांवर जगते आणि शेपटीकडची लांबणारी नळी पृष्ठभागावर काढून श्वास घेते. याच प्रजातीतली एरिस्टॅलिनस एनियस युरोपच्या किनाऱ्यावर, कुजलेल्या समुद्रशेवाळाने भरलेल्या खडकातल्या डबक्यांत वाढते. स्पेनमध्ये परागीभवनासाठी तिची व्यावसायिक पैदासही होते. म्हणजे बांधावर कितीही फुले लावली, तरी अळीला जागा नसेल तर ही माशी त्या शेतात तयार होणार नाही.

अळीसाठी अशी कुजकी जागा राखण्यावर पहिला आक्षेप डासांचा, आणि तो रास्त आहे. क्युलेक्स डास घाण पाण्यातही वाढतो. म्हणून उघडे, पातळ पाणी साचू देऊ नये. घरापासून आणि विहिरीपासून दूर, पालापाचोळा आणि शेणाने दाट झालेला एखादा उथळ खड्डा राखावा. त्याच्या कडा मातीच्याच असाव्यात, कारण कोषात जाण्यापूर्वी अळी बाहेर सरकते आणि कोरडी जागा शोधते. सिमेंटच्या उभ्या भिंतीत तिला ही वाट मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की एकेका भेटीत मधमाशीच सरस ठरते. ठरत असेलही, पण ही माशी पेटीच्या जागी आणायची नाही, पेटीच्या जोडीला ठेवायची आहे. तिला पोळे सांभाळायचे नसते आणि तिच्यासाठी पेटी भाड्याने आणावी लागत नाही.

येत्या हंगामात प्लॉट पाहायला जाल तेव्हा गोंड्यांबरोबर गोठ्यामागची नालीही पाहा. तिथे कीटकनाशक ओतले जात असेल, तर आधी ते थांबवायला सांगा.