पडद्यावरचा दादा आपल्याला का रडवतो?

२०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘लाखात एक आमचा दादा’ मालिकेतला सूर्या चार बहिणींचा भाऊ. तुळजा आपल्याला आवडते की नाही, हे तिच्या सूर्यावरच्या प्रेमापेक्षा ती नणंदांशी कशी वागते यावर ठरते. हिंगोलीत काय किंवा सेनगावात काय, बहीण पडद्यावर आपला भाऊच शोधत असते.

विजय कोंडके यांच्या १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने हीच नस पकडली. अलका कुबल यांची लक्ष्मी पाहून बायका रडल्या, कारण माहेर तुटण्याची भीती त्यांच्या ओळखीची होती.

ही भीती खरी आहे. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला. तरी वाटणीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतेच. सणावाराला साडीचोळी होईल, सही कर, असे सांगितले जाते. जमीन गेली तरी दादा राहावा म्हणून ती सही करते.

सूर्याला पाहून डोळे पुसणाऱ्या भावांनी स्वतःला एवढेच विचारावे : हिस्सा मागितल्यावरही माझी बहीण दिवाळीला हक्काने घरी येऊ शकेल का?