सात क्विंटल की सव्वापाच ते पावणेनऊ?



राज्य सरकारने २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला पीक विमा बंद केला. गारपीट, अतिवृष्टी यांसाठी शेतावर येऊन पंचनामा करून मिळणारी भरपाई काढून टाकली आणि मोठा भार पीक कापणी प्रयोगावर टाकला. आता कपाशीला विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि खरीप ज्वारीला २ टक्क्यांपर्यंत हप्ता आपण आपल्या खिशातून भरायचा, आणि बदल्यात काय मिळणार ते बऱ्याच अंशी मंडळातल्या दहा-बारा तुकड्यांच्या वजनावर ठरणार. मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने म्हणूनच या वजनामागचे गणित समजून घेतले पाहिजे. ते अवघड आहे असे सांगणारे लोक बहुधा तेच असतात, ज्यांना आपल्याला ते समजायला नको आहे.

उदाहरण घेऊ. आकडे समजा म्हणून घेतलेले आहेत. एका महसूल मंडळात ज्वारीच्या दहा शेतांत कापणी झाली. हेक्टरी क्विंटल निघाले: ४, ९, ६, ११, ७, ५, ८, १०, ६, ४. बेरीज ७०, सरासरी ७. उंबरठा उत्पादन, म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीचे ७० टक्के, निघाले ६.८. सात हे ६.८ पेक्षा जास्त. म्हणून मंडळाला भरपाई शून्य. ४ क्विंटलवाल्यालाही शून्य.

पण मंडळात शेते हजारो, आणि मोजली दहा. दुसरी दहा निघाली असती तर सरासरी सातच आली असती का? मुळीच नाही. घरात पोत्यातली मूठभर ज्वारी पाहून मालाचा अंदाज करतो, पण पोते वरून एक आणि तळाशी एक असेल तर एका मुठीवर भाव ठरवत नाही. शास्त्र याच शंकेला आकडा देते. दहा आकडे एकमेकांपासून किती फाकले आहेत ते पाहायचे. इथे तो फाकवा सुमारे २.४५ येतो. त्याला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागायचे, येतात ०.७७. नमुने थोडे असल्याने त्याला २.२६ ने गुणायचे, येतात १.७५. सातात मिळवा आणि सातातून वजा करा. सव्वापाच ते पावणेनऊ. याला विश्वासाचा पट्टा म्हणतात. अर्थ असा की अशा रीतीने शंभर वेळा दहा-दहा शेते निवडून पट्टे काढले, तर सुमारे ९५ पट्ट्यांत मंडळाचे खरे उत्पादन सापडेल.

आता उंबरठा पाहा. ६.८ या पट्ट्याच्या पोटातच बसला आहे. म्हणजे ‘नुकसान झाले’ हेही सिद्ध नाही आणि ‘नुकसान झाले नाही’ हेही सिद्ध नाही. सरकारी कागदावर मात्र पहिले वाक्य गळते आणि दुसरे छापले जाते. कोर्टात पुरावा अपुरा म्हणून सुटलेला माणूस निर्दोष ठरतोच असे नाही, हे गावातल्या पोरालाही कळते. खरे उत्पादन सव्वापाच असेल तर तूट सुमारे २३ टक्के. हेक्टरी विमा रक्कम ३० हजार धरली तर सुमारे ६,८०० रुपये हेक्टरी बुडाले.

पट्टा दोन्हीकडे पसरतो हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. खरे उत्पादन पावणेनऊही असू शकते. चूक दोन प्रकारची होते: नुकसान नसता पैसे जाणे आणि नुकसान असता पैसे न मिळणे. पहिल्या चुकीवर कंपनी डोळ्यांत तेल घालून बसलेली असते. कापणीला तिचा माणूस हजर राहू शकतो. दुसऱ्या चुकीचा पहारेकरी कोण? आणि पट्टा निम्मा करायचा तर नमुने चौपट लागतात, दहाचे चाळीस. खर्च वाढतो, खरे आहे. पण तो न करण्याची किंमत कोरडवाहूवाल्याने एकट्याने का भरायची?

गंमत अशी की हे शास्त्र शेतमालातूनच निघाले. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात सातूच्या थोड्या नमुन्यांवर विसंबता येते का, या प्रश्नातून गॉसेटने १९०८ साली ही २.२६ ची वाट काढली. विश्वासाच्या पट्ट्याची कल्पना मांडणारा नेमन लंडनला असताना तिथेच शिकत होते सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. परत येऊन त्यांनी १९४० च्या दशकात नजरअंदाजाच्या आणेवारीऐवजी चिठ्ठी टाकल्यासारखी शेते निवडून कापणी करण्याची पद्धत देशात रुजवली. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, ती आपल्या फार कामाची आहे. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर काठावरची ताटे आत ओढली जातात आणि उत्पादन असते त्यापेक्षा जास्त दिसते. ही चूक पट्ट्यात धरलेली नसते. हजार लहान तुकडे कापले तरी ती जात नाही. रस्त्याकडेचे, पाणी असलेले शेत सोयीचे म्हणून निवडले, तर तेच. चिठ्ठीने आलेला गट नंबर साहेबांच्या गाडीच्या सोयीने बदलला, की वरचे सगळे गणित कचरा.

तेव्हा भीक नको, हिशेब हवा. मंडळातल्या प्रत्येक तुकड्याचे वजन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे, नुसती सरासरी नव्हे. सरासरीशेजारी पट्टा छापला पाहिजे. उंबरठा पट्ट्याच्या आत आला, तर ‘भरपाई शून्य’ लिहिण्याआधी जास्तीचे प्रयोग, किंवा शंकेचा फायदा ज्याने हप्ता भरला त्याला. कपाशीची वेचणी टप्प्याटप्प्याने होते. प्रत्येक वेचणीचे वजन त्याच तुकड्याच्या नावे नोंदले गेले की नाही, हेही पाहिले पाहिजे.

या हंगामात गावात कापणी असेल त्या दिवशी चार जण दोरी आणि वही घेऊन जा. तुकडा मोजा, वजन लिहा, गट नंबर लिहा. मंडळातल्या सगळ्या गावांच्या वह्या जिल्हा बैठकीला आणा. पट्टा आपण तिथेच काढू.