विन्सन शिखर : एका आकड्याची दुरुस्ती

वाचकहो, आज आधी आमची चूक कबूल करतो. वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना आम्ही सांगितले होते की, अंटार्क्टिकातील सर्वांत उंच शिखर विन्सन, उंची ५,१४० मीटर. जुन्या पुस्तकातून उतरवून घेतलेला आकडा. एका मुलीने नव्या नकाशावर बोट ठेवून विचारले, "काका, इथे तर ४,८९२ लिहिलंय!" मुलगी बरोबर होती.

नकाशाच्या तळाशी जो पांढरा पट्टा दिसतो, तो खंड म्हणजे नुसता बर्फ नव्हे. तिथे डोंगर आहेत. पश्चिम अंटार्क्टिकात एल्सवर्थ नावाची सुमारे ३६० किलोमीटर लांब पर्वतरांग आहे. मिनेसोटा हिमनदीने तिचे दोन भाग केले आहेत. दक्षिणेकडची हेरिटेज, उत्तरेकडची सेंटिनल. या सेंटिनल रांगेत, दक्षिण ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर विन्सन आहे. तो एकटा सुळका नाही. सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद असा तो डोंगरांचा समूह असून त्यातले सर्वांत उंच टोक म्हणजे विन्सन शिखर.

तिथली हवा कोरडी आहे. नवा बर्फ थोडाच पडतो, पण पडलेला वितळत नाही. डिसेंबरात सूर्य चोवीस तास मावळत नाही, तरी शिखरावर पारा शून्याखाली ३० अंशांच्या आसपास असतो. हा तिथला उन्हाळा! हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही.

१९३५ साली लिंकन एल्सवर्थ यांनी विमानातून ही रांग पाहिली. विन्सन मात्र १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या वैमानिकांच्या नजरेस पडले. कार्ल विन्सन या अमेरिकन लोकप्रतिनिधीचे नाव त्याला दिले गेले. डिसेंबर १९६६ मध्ये निकोलस क्लिंच यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने शिखर प्रथम सर केले. पुढे २००४ साली गिर्यारोहकांनी मोजणीचे यंत्र थेट माथ्यावर नेले. उपग्रहांच्या मदतीने मोजणी झाली, तेव्हा उंची ४,८९२ मीटर भरली. जुन्या आकड्यात २४८ मीटर जास्तीचे होते.

डोंगर खचला नव्हता, आपला हिशेब चुकला होता. कचेरीत आम्ही रोज बेरजा तपासतो, पण छापील आकडा मात्र न तपासता मुलांच्या वहीत उतरवला.

तेलंगणातील शेतमजूर कुटुंबातली, समाजकल्याण निवासी शाळेत शिकलेली मालावत पूर्णा डिसेंबर २०१९ मध्ये याच शिखरावर पोहोचली. तेव्हा हे ठिकाण आपल्या पोरांसाठी फार दूरचे आहे, असे कोणी समजू नये.

अभ्यासिकेतल्या मुलांनी वहीतला जुना आकडा खोडून ४,८९२ लिहावा. आणि यापुढे आम्ही कोणताही आकडा सांगितला, तर "कोणी मोजला, कधी मोजला?" असे आम्हाला जरूर विचारावे.