गोळीआधी पोट बघा

दुर्बीण घशाखाली उतरली की आधी पोटात साचलेला रस ओढून घ्यावा लागतो. तो सक्शनच्या बाटलीत जमतो आणि नंतर आम्ही ओतून देतो. सांगलीत एंडोस्कोपीच्या खोलीत सिस्टर म्हणून काम करताना मला एक गोष्ट कायम खटकते. हा रस वाढला म्हणून सगळे धास्तावतात; आटला तर कुणी विचारतही नाही.

बहुतेकांचं बोलणं ठरलेलं. ‘‘सिस्टर, नुसतं पित्त आहे हो. मेडिकलवाला ओळखीचा आहे, पॅन्टोप्राझोलची गोळी चालू आहे.’’ कधीपासून? ‘‘दिवाळीपासून.’’ आणि वजन? ‘‘उतरलंय थोडं. पण दोन घासांतच पोट भरतं, मग काय होणार!’’

जठराच्या कर्करोगात अनेकदा आम्ल वाढलेलं नसतं, उलट घटलेलं असतं. १८७९ मध्ये जर्मनीतल्या फॉन डेन वेल्डेन यांनी अशा रुग्णांच्या रसात मोकळं हायड्रोक्लोरिक आम्ल सापडत नाही, अशी नोंद केली. कारण कळायला शतक गेलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९८२ साली बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखवला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलं. हा जंतू वर्षानुवर्षं अस्तराला सूज आणतो, आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी झिजतात. आम्ल कमी झालं की एरवी तिथे न टिकणारे जंतू तग धरतात आणि नायट्राइटपासून घातक रसायनं तयार होतात. धूम्रपान, अति मीठ, घरात कुणाला झालेला हाच आजार हे धोके त्यात भर घालतात. आपण मात्र सगळा दोष तिखटाला देतो आणि पानातल्या खारवलेल्या पदार्थांकडे बघत नाही.

बाटलीतल्या त्या रसात कर्करोगाच्या खुणा म्हणून प्रथिनं, अमिनो आम्लं, सूक्ष्म आरएनए शोधण्याचं संशोधन चालू आहे. रस आजाराच्या सर्वांत जवळ असतो, म्हणून आशा आहे. पण त्यात लाळ आणि आतड्यातून उलटं आलेलं पित्त मिसळतं, आम्ल पेशी नासवतं. रोजच्या तपासणीत अजून भरवसा दुर्बिणीवर आणि अस्तराच्या काढलेल्या तुकड्यावरच.

मग प्रत्येक जळजळीला दुर्बीण घालायची का? नाही. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी होते, कारण तिथे हा आजार फार आहे. आपल्याकडे मिझोराममध्ये धुरावलेलं मांस, तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी आणि जोडीला या आजाराचं मोठं प्रमाण आहे; तशी मोहीम तिथे हवी. महाराष्ट्रात प्रमाण त्यामानाने कमी आहे. इथे सरसकट तपासणी नको, नेमकी माणसं वेळेत ओळखायला हवीत.

पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेलं पित्त, विनाकारण उतरणारं वजन, गिळताना अडकणं, सारखी उलटी, घटलेलं हिमोग्लोबिन, डांबरासारखी काळी शौच: यातलं एकही असेल तर गोळीवर थांबू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेवढं डॉक्टरांना सांगावं. पॅन्टोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळीने दुखणं दबतं, कर्करोगाचा व्रणही काही काळ वरून भरल्यासारखा दिसू शकतो. पायलोरीची श्वासाची तपासणी करायची तर डॉक्टरांना विचारून ही गोळी दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

माझं मागणं मोठं नाही. पॅन्टोप्राझोल चिठ्ठीचं औषध आहे, ते दुकानदाराने चिठ्ठीवरच द्यावं. दुसऱ्यांदा चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी पेशंटला वजनकाट्यावर उभं करावं. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि उशिरा आलेल्या पेशंटला आम्ही तेवढ्या वेळात काहीच परत देऊ शकत नाही.