डोंगर बोलतो, ऐकणार कोण?

विश्रांतवाडीहून मंचर, घोडेगावमार्गे निघाले की काही तासांत माळीण येते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी हे गाव डोंगराखाली गाडले गेले. १५१ जीव गेले. जगाला ही वार्ता कळली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या त्या चालकाला गावच दिसेना!

पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इरशाळवाडी. इरशाळवाडीचे नाव तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हते. प्रत्येक वेळी समाज धावून गेला, हे आपले भूषणच. परंतु मदतीचे ट्रक भरणे हीच आपली सिद्धता मानायची काय?

डोंगर कोसळण्यापूर्वी बहुधा बोलत असतो. पावसाचे पाणी मुरते, मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते, उतार किंचित कलतो. जमिनीत पुरलेले संवेदक, म्हणजेच सेन्सर, हे सारे टिपतात आणि तारेवाचून एकमेकांकरवी पुढे कळवतात. केरळातील मुन्नार येथे अमृता विश्वविद्यापीठाने असे बिनतारी जाळे उभारले. तेथील नोंदी उपग्रहामार्गे विद्यापीठात पोहोचतात. २००९ च्या पावसाळ्यात त्या आधारे इशाराही दिला गेला. पुढे सिक्कीममधील चांदमारी येथेही अशी यंत्रणा बसली. विद्या परकी नाही, ती आपल्याच देशात सिद्ध झाली आहे.

प्रत्येक डोंगरावर हे जाळे पसरणे शक्य नाही, हे मान्य. म्हणूनच धोक्याच्या वाड्यांची यादी आधी नेमकी हवी. शिवाय यंत्र बसवून भागत नाही. भर पावसात त्याची बॅटरी संपली, तर ते असून नसल्यासारखेच. आणि मध्यरात्री इशारा आलाच, तर वाडीतील दारे ठोठावणार कोण? म्हाताऱ्यांना हात देऊन खाली आणणार कोण? तेथे माणूसच हवा, आणि गावाने ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माणूस हवा.

विश्रांतवाडीलगत दिघीला सैन्यासाठी पुलांची रचना करणारी संरक्षण संशोधन संस्था आहे, आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. परिसरात शिकलेल्या तरुणांची वाण नाही. त्यांनी सह्याद्रीतील एकेक वाडी आपली मानावी. पावसाळ्याआधी तेथे जावे, साधा पर्जन्यमापक बसवावा, तो वाचायला गावातील मुलांना शिकवावे, सुटकेची वाट ठरवून ठेवावी. शासनाकडे संवेदकांचा आग्रह धरावा, तो मान्य होईपर्यंत सोडू नये.

पुढच्या वेळी वार्ता एसटीच्या चालकाने आणू नये. ती डोंगराकडूनच, वेळेवर यावी.