चेन पुन्हा पुन्हा का उतरते?

मोहालीसारख्या शहरात सायकलला छोटे इंजिन बसवून घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. रस्ते रुंद आणि सपाट. घर मोहालीच्या एखाद्या फेजमध्ये आणि नोकरी चंडीगडला, म्हणजे रोजचे जाणे-येणे लांबचे. सायकलींच्या कारखान्यांचे लुधियाना तेथून साधारण शंभर किलोमीटरवर, त्यामुळे सुट्या भागांचीही ददात नाही. बदलीवर किंवा शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना हे वाहन परके वाटत नाही. पॅडल आणि इंजिन दोन्ही असलेली लूना १९७२ मध्ये कायनेटिकनेच आणली होती.

पण घरी किंवा गल्लीतल्या दुकानात इंजिन जोडलेली सायकल थोड्याच दिवसांत एक खोड दाखवू लागते. चेन खडखडते, मग उतरते. घरातले कुणीतरी पाना घेऊन ती आणखी ताणून बसवते. चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच! एखाद्या दिवशी उतरलेली चेन आऱ्यांत अडकते, मागचे चाक जागीच आवळले जाते आणि चालवणारा रस्त्यावर आपटतो. कॅरियरवर मूल बसलेले असेल तर?

म्हणून चेन ताणण्यापूर्वी ती ज्यावर फिरते, त्या मागच्या दातेरी चकतीकडे पाहावे. खरा दोष बहुधा तिथेच असतो.

लूनासारख्या वाहनाचे मागचे चाक मुळातच इंजिनासाठी घडवलेले असते. सायकलीवर मात्र ही चकती साधारणपणे दोन रबरी कड्यांच्या मध्ये आरे धरून नऊ बोल्टांनी आवळतात. ती मध्यावर बसली नाही, तर चाकाच्या एकाच फेरीत चेन कुठे ताठ, कुठे सैल होते. सैल जागी चेन उतरते आणि ताठ जागी आऱ्यांवर ताण येऊन ते तुटतात. अशा वेळी चेन ताणणे म्हणजे आजार सोडून भलतेच औषध देणे.

तपासणी घरीही करता येते. आधी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढावी. सायकल उभी करून मागचे चाक जमिनीपासून उचलावे. चौकटीला एक पेन्सिल बांधून तिचे टोक दातांच्या अगदी जवळ आणावे व चाक हाताने सावकाश फिरवावे. टोक आणि दात यांतील अंतर वरखाली होत असेल, तर चकती मध्यावर नाही. बोल्ट सैल करून ती सरकवावी. चकती बाजूला लहरत असेल, तर जिथे ती बाहेर येते तिथले बोल्ट थोडे आवळावेत. बोल्ट एकाच बाजूने न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. पहिले काही दिवस ते पुन्हा पुन्हा तपासावेत.

मग इंजिनाची पुढची चकती आणि मागची चकती एका रेषेत आहेत का, हे सुतळी ताणून पाहावे. चेन ताणणारी रोलरची पट्टीही त्याच रेषेत हवी. ती सैल राहिली तर फिरून थेट आऱ्यांत घुसते. चाक मागे सरकवून चेन ताणली, तर दुसऱ्या बाजूची पॅडलची चेनही ताणली जाते, हे लक्षात ठेवावे. सर्वांत ताठ जागी चेन बोटाने सुमारे अर्धा इंच वरखाली हलली पाहिजे.

चेनच्या लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावी. अर्ध्या इंचाच्या चेनच्या २४ कड्या पिनेपासून पिनेपर्यंत १२ इंच भरतात. त्या सव्वाबारा इंचांच्या दिशेने सरकू लागल्या की चेन बदलावी. दात आकड्यासारखे वाकले असतील, तर चकतीही बदलावी, कारण झिजलेली चकती नव्या चेनलाही लवकर संपवते. मोहालीत उन्हाळ्याच्या वावटळींत धूळ फार. ब्रशने रॉकेल लावून चेन पुसावी, तेल थेंब थेंब कड्यांमध्ये सोडावे आणि बाहेरचे पुसून टाकावे. ओले तेल धूळ पकडून चेन घासते.

इंजिन चालू असताना चेनला फडके लावू नये. बोट जायला क्षणही लागत नाही. चेनवर झाकण हवेच, म्हणजे ओढणी किंवा साडीचा पदर अडकणार नाही. आरे तुटले असतील किंवा चाक वाकले असेल, तर मात्र मिस्त्रीकडेच जावे.

आणखी एक गोष्ट. २५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठे इंजिन बसवले की सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते. नोंदणी, विमा, परवाना हे सारे आले. ज्यांना हे नको, त्यांनी २५० वॉटपर्यंतच्या, ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतल्या विजेच्या सायकलीचा विचार करावा. मोटार चाकाच्या हबमध्येच असेल, तर मागची वेगळी चकती आणि दुसरी चेन ही कटकटच राहत नाही.

ते होईपर्यंत सुटीच्या सकाळी अर्धा तास चकतीसाठी काढावा. चेन आपोआप शहाणी होते.